थर्ड बेस, जांभ्याचा खडा आणि तोंडावरची जाळी

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मुलींचा सॉफ्टबॉल संघ आहे. मी त्या शाळेत नोकरीला नाही. कॉलेजात असताना खेळत होते, म्हणून संध्याकाळी सरांना सरावात मदत करते. मागच्या हंगामात नववीतल्या एका मुलीच्या तोंडावर चेंडू बसला आणि त्यानंतर फलंदाजाच्या जवळच्या जागांवर खेळणाऱ्या सगळ्या मुलींनी मास्क घालूनच उतरायचं, असं ठरलं. ते ठरेपर्यंत कुठं अडलं, कोण काय म्हणालं, कुठली वस्तू चालली आणि कुठली चालली नाही, हे सविस्तर लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात ज्या शाळा मुलींना हा खेळ शिकवतात त्यांच्यापुढं हा प्रश्न आज ना उद्या येणारच. मुलीचं, शाळेचं आणि गावाचं नाव देत नाही.

आधी अंतरं सांगते, कारण सगळा विषय अंतराचा आहे. सॉफ्टबॉलमध्ये धाव घेताना ओळीनं गाठायचे टप्पे म्हणजे बेस, आणि एका बेसपासून दुसरा बेस 60 फुटांवर असतो. मुलींची पिचर वयोगटाप्रमाणे साधारण 40 ते 43 फुटांवरून चेंडू टाकते आणि टाकताना पाऊल पुढं पडतं, म्हणजे चेंडू सुटल्यावर ती आणखी जवळ आलेली असते. चेंडूचा परीघ 12 इंच, वजन 178 ते 198 ग्रॅम. क्रिकेटचा पुरुषांचा चेंडू 163 ग्रॅमच्या पुढं जात नाही, तेव्हा हा त्याहून जड आणि मोठा. बॅटवरून तो ताशी 80 किलोमीटरनं निघाला तर सेकंदाला 22 मीटर जातो. शाळकरी मुलींच्या खेळात हा वेग काही नवलाचा नाही. बंट म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू हळूच पुढं ढकलणं. त्याच्या अपेक्षेनं थर्ड बेसवरची मुलगी पुढं येऊन फलंदाजापासून 9 मीटरवर उभी असेल, तर चेंडू तिच्यापर्यंत पोचायला 0.4 सेकंद लागतात. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ डोळ्यांनी बघून शरीर हलायला लागेपर्यंतच जातो. उरलेल्या वेळात ग्लोव्ह गुडघ्यापासून तोंडापर्यंत आणायचा. चांगल्या खेळाडूलाही हे दर वेळी जमत नाही. थर्ड बेस आणि पिचर या दोन जागा म्हणूनच सगळ्यांत धोक्याच्या, त्याखालोखाल फर्स्ट बेस.

आता झालं ते असं. सरावाचा सामना सुरू होता. फलंदाज मुलीनं बॅट आडवी धरून बंटची हूल दिली, थर्ड बेसवरची मुलगी शिकवल्याप्रमाणे पुढं धावली, आणि शेवटच्या क्षणी फलंदाजानं बॅट मागं घेऊन फटका मारला. चेंडू जमिनीलगत आला. मुलीचा ग्लोव्ह खाली, बोटं जमिनीला, नजर चेंडूवर, सगळं जसं असायला हवं तसं होतं. पण आमच्याकडची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात वरची माती वाहून जाते आणि सुपारीएवढे खडे उघडे पडतात. चेंडू अशाच एका खड्यावर आपटून उसळला आणि डावा डोळा नि नाक यांच्या मधोमध बसला. तिच्या हातून काही चुकलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं कितीतरी जण म्हणाले, "नीट बघितली असती तर लागला नसता." ती बघतच होती.

नाकातून रक्ताची धार लागली. मैदानावर असं झालं की मान मागं टाकायला लावतात, कांदा हुंगायला देतात. सरांनी दोन्ही होऊ दिलं नाही. तिला बसवलं, पुढं झुकवलं, नाकाचा मऊ भाग हलक्या हातानं धरायला लावला आणि रक्त घशात न जाता बाहेर येऊ दिलं. कापडात बर्फ गुंडाळून गालावर धरला. नाकात चमकी होती. चेंडूच्या माऱ्यानं ती आतल्या बाजूला रुतून नाकपुडी फाटली होती. ती तिथं कुणी ओढून काढली नाही, दवाखान्यातच काढली.

मी तिला डोकं न हलवता फक्त डोळ्यांनी वर बघायला सांगितलं. यामागं कारण आहे. मुलांच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड लवचीक असतं. ते तडकून पुन्हा जागेवर येताना डोळा हलवणारा स्नायू फटीत अडकू शकतो. अशा वेळी डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, सूजही फार नसते, पण मूल वर बघायला गेलं की दुखतं, एकाचे दोन दिसतात, मळमळतं, कधी उलटी होते. असं दिसलं तर रात्र काढायची नाही, तातडीनं शस्त्रक्रिया लागू शकते. तिला वर बघता आलं, एकच बोट दिसलं. तरी गाडी करून बेळगावला नेलंच. खानापुरापासून ते 25 किलोमीटरच्या आसपास आहे. तिथं सीटी स्कॅन झालं. नाकाचं हाड मोडलं होतं, खोबण शाबूत होती, बुबुळापुढं रक्त उतरलं नव्हतं.

डॉक्टरांनी नाकात दिवा घालून मधला पडदा तपासला. ही तपासणी पालकांनी मागून घ्यावी अशी आहे. पडद्यात रक्त साठलं आणि ते लवकर काढलं नाही, तर तिथल्या कूर्चेला पोषण मिळत नाही, ती मरते, आणि नाक मधोमध बसतं. तिच्या पडद्यात रक्त नव्हतं. सूज उतरल्यावर, त्याच आठवड्यात, भूल देऊन हाड जागेवर बसवलं. मुलांची हाडं लवकर जुळतात, त्यामुळं हे काम लांबवता येत नाही.

त्या आठवड्यात संघ निम्मा झाला. घरोघरी तिचा सुजलेला चेहरा बघून आईवडील म्हणाले, पुरे झालं. तिची आज्जी मला म्हणाली, "अक्का, पोरीच्या जातीचं तोंड हाय ते. हातपाय मोडलं तर झाकतंय, तोंड कुठं झाकूया?" कुणी म्हणेल ही जुन्या वळणाची बाई. मला तसं वाटलं नाही. त्या घराला नात खेळायला हवी होती, आणि तिला इजा न होता खेळता यावं अशी सोय आमच्याकडं मागायचा त्यांना हक्क होता. खेळात लागणारच, असं सांगून त्यांना गप्प बसवणं सोपं होतं. पण फलंदाजाच्या मागं बसणाऱ्या कॅचरला मास्क लागतो, फलंदाजाला हेल्मेट लागतं, हे नियमात आहे आणि त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही. क्षेत्ररक्षणातल्या मुलींना मास्कची सक्ती नाही, पण घालायला मनाईही नाही. मग चेंडूच्या तितक्याच जवळ उभ्या असलेल्या मुलींनी उघड्या तोंडानं का उभं राहायचं?

पालकांच्या बैठकीत सरांनी एवढंच सांगितलं, की पिचर, फर्स्ट आणि थर्ड या तीन जागांवर मास्क आल्याशिवाय पूर्ण ताकदीचा फटका मारायचा सराव होणार नाही. तोपर्यंत धावणं, झेल, फेकी आणि मऊ चेंडूवर बंट एवढंच. त्यानं बऱ्याच मुली परत आल्या.

मास्क मिळवणं हे वेगळंच काम होतं. बेळगावात क्रीडासाहित्याची दुकानं पुष्कळ, पण तिथं क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल. सॉफ्टबॉलच्या क्षेत्ररक्षकाचा मास्क मागितला की दुकानदार कॅचरचा मास्क पुढं करायचे. तो पिचरला घालून बघितला. जड पडतो, बाजूचं दिसत नाही, आणि बंट उचलायला खाली वाकलं की डोळ्यांवर उतरतो. कॅचर बसून समोर बघते, पिचरला चहूकडं बघायचं असतं.

क्रिकेटचं हेल्मेट हा पुढचा विचार. त्याची जाळी क्रिकेटच्या चेंडूसाठी असते. त्या चेंडूचा व्यास साधारण 7.2 सेंटिमीटर, सॉफ्टबॉलचा 9.7 सेंटिमीटर, म्हणजे चेंडू फटीतून आत घुसायची भीती कमी. पण हेल्मेटचं वजन मानेवर येतं आणि वर उडालेला झेल बघताना टोपीची कड आडवी येते. काहीच नसेल तेव्हा पिचरला हे चालेल. धावत जाऊन वरचे झेल घेणाऱ्या मुलीला नाही.

मग आठवलं हॉकीचं. बेळगावात हॉकीची परंपरा जुनी आहे. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलेल्या भारतीय संघातले बंडू पाटील बेळगावचे, आणि त्याच संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण ज्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते तिचं केंद्रही इथंच. त्यामुळं शहरात हॉकीचं सामान असलेली घरं अजून सापडतात. पेनल्टी कॉर्नरला बचावपटू जो तोंडावरचा मास्क घालतात, तो टिळकवाडीतल्या एका जुन्या खेळाडूनं आम्हांला वापरून बघायला दिला. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा, हलका, डोक्याला पट्ट्यांनी बांधायचा. मुलींना तो लगेच आवडला, कारण चेहरा दिसतो. अडचणी दोन. दमट हवेत, धाप लागली की आतून वाफ धरायची. आणि मास्क दुसऱ्या खेळाच्या चेंडूसाठी बनवलेला. हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा, सॉफ्टबॉलहून हलका. म्हणून मऊ चेंडूच्या सरावाला तो ठेवला, सामन्यासाठी नाही.

इथं एका वडिलांचं सांगायला हवं. ते उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर आहेत. एका रविवारी त्यांनी गज वाकवून, जोडून, आतून स्पंज लावून एक जाळी बनवून आणली. हात इतका सफाईचा की दुकानातली वाटावी. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न. मी ती मुलीच्या तोंडावर धरली आणि अंगठ्यानं नाकावरचा गज दाबला. गज नाकाला टेकला. जाळी मजबूत असणं पुरत नाही. चेंडूचा मार कपाळ आणि हनुवटी या दोन टणक जागांवर वाटला जायला हवा, आणि नाकाजवळ, गालांजवळ एवढी मोकळी जागा हवी की जाळी दबली तरी टेकणार नाही. शिवाय एखादा जोड सुटला तर त्याचं टोक डोळ्याकडंच येणार. हे सगळं तपासायला यंत्र लागतं, ते आमच्याकडं नाही. त्यांना हे सांगणं जड गेलं, पण त्यांनी स्वतःच गज दाबून बघितला आणि म्हणाले, "खरं हाय. ह्याची ग्यारंटी मी देऊ शकत न्हाई."

त्यांचं कसब वाया जाऊ दिलं नाही. जीआय पाइपची एक मोठी चौकट त्यांनी करून दिली, एका कोपऱ्यात खालच्या उंचीची, इंग्रजी एल अक्षरासारखी. तिला क्रिकेटच्या नेटची जाळी ताणून बांधली, पाइपांना जुन्या ट्यूबा गुंडाळल्या. फलंदाजीच्या सरावात पिचर खालच्या भागावरून चेंडू टाकते आणि लगेच उंच भागाच्या आड जाते. सामन्यात चेंडू थोडे येतात. सरावात एकेका मुलीकडं संध्याकाळभर फटके येत राहतात. इजा टाळायची तर आधी सराव सुरक्षित करायला हवा, हे या चौकटीमुळं सगळ्यांना पटलं.

खरे मास्क शेवटी बाहेरून मागवले. सॉफ्टबॉलच्या क्षेत्ररक्षकांसाठीच बनवलेले, पोलादी तारांचे, कपाळाला आणि हनुवटीला गादी असलेले. शाळेच्या खेळाच्या खात्यात एवढे पैसे नव्हते. गावातल्या गणेशोत्सव मंडळानं वर्गणीतून दिले, गोव्याला कामाला असलेल्या दोन-तीन पालकांनी भर घातली. मास्क आल्यावर वेल्डर मामांनीच प्रत्येक जोड भिंगाखाली बघितला आणि आजही महिन्याकाठी तेच बघतात.

एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवशीच पक्की केली. मास्क संघाचे, कुणा एकीचे नाहीत. ज्या घराला परवडतं त्या मुलीनं घालायचा आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, असं झालं असतं तर दोन सामन्यांत ते बंद पडलं असतं. एकटीनं जाळी घातली की चिडवतात. तिन्ही जागांवर असली की ती वर्दीचा भाग होते.

घालायचा कसा, यात मात्र बरेच दिवस गेले. पट्ट्यांची रचना एका वेणीसाठी असते, मागच्या फटीतून वेणी बाहेर काढायची. आमच्या मुली शाळेच्या नियमाप्रमाणे दोन वेण्या आणि रिबिनी घालून येतात. पट्टी रिबिनीच्या गाठींवर बसायची आणि दोन धावांनंतर वर सरकायची, मग जाळीची आडवी तार बरोबर नजरेसमोर यायची. "चेंडू दिसूलाय काय तुला?" म्हणून विचारलं की हो म्हणायच्या, आणि चेंडू पायाखालून जायचा. मुख्याध्यापकांनी सरावाच्या दिवशी एक वेणी चालेल म्हणून सांगितलं. त्या एका परवानगीनं जेवढं काम झालं तेवढं कुठल्याच सूचनेनं झालं नव्हतं. आता मास्क चढवल्यावर मुलगी मान जोरानं डावी-उजवीकडं हलवते. हलला तर पट्टी आवळायची. मग नाक आणि तार यांच्यात बोट घालून बघायचं. बोट मोकळं फिरलं पाहिजे. चमक्या, रिंगा, चेन, सगळं काढून डब्यात. फाटलेली नाकपुडी सगळ्यांनी बघितलेली होती, त्यामुळं यावर वाद झाला नाही.

एकमेकींचा घाम लागलेला मास्क घालायला मुली कचरतात, आणि ते रास्त आहे. प्रत्येकीनं आपला सुती रुमाल कपाळाला बांधायचा आणि खेळ संपला की गाद्या साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवायच्या. पावसाळ्यात तारांचा रंग उडाला की तिथं गंज धरतो, म्हणून ओला मास्क पिशवीत ठेवायचा नाही. हॉकीच्या पारदर्शक मास्कला थिनर, पेट्रोल असलं काही लावायचं नाही. पॉलिकार्बोनेटला त्यानं बारीक भेगा पडतात आणि तो कमकुवत होतो.

तारेच्या फटीतून दिसायची सवय व्हायला वेळ लागतो हे धरून चाललो होतो. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. मास्क आल्यावर थर्ड बेसवरची नवी मुलगी रोज थोडी थोडी पुढं सरकायला लागली. तोंड सुरक्षित आहे म्हटल्यावर धीर वाढला, आणि तिच्या छातीला, गळ्याला, मनगटाला काहीच संरक्षण नव्हतं. सरांनी होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभी राहते तिथून, 12 मीटरवर चुन्याची रेघ मारली. फलंदाजाची बॅट चेंडूला लागेपर्यंत रेघ ओलांडायची नाही. त्यामुळं काही बंट आम्ही गमावतो. मला ते मान्य आहे. मैदानही दर शनिवारी झाडून खडे वेचतो, पाणी मारतो, रोलर फिरवतो. मुलीच्या नाकावर चेंडू नेला तो एका खड्यानं. जाळी कितीही चांगली असली तरी खडे वेचायचं काम सुटत नाही.

तालुका पातळीवरच्या पहिल्या सामन्यात पंचांनी मास्क हातात घेऊन बघितले, कुठं टोक, तुटकी तार नाही ना तपासलं आणि परत दिले. समोरच्या संघातून थोडं हसणं झालं. सामन्यानंतर त्याच संघाच्या सरांनी कुठून मागवले ते विचारून घेतलं.

ती मुलगी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परत आली. आधी फक्त धावणं, मग मऊ चेंडू, मग आउटफिल्ड, म्हणजे फलंदाजापासून लांबच्या जागा. नाक सरळ आहे, नाकपुडीवर लहानसा व्रण राहिला. चेंडू जमिनीवरून आला की तिचे डोळे अजून मिटतात. मास्कमुळं तोंड वाचतं, ही भीती त्यानं जात नाही. त्यासाठी सर तिला रोज हातानं चेंडू सरपटत टाकतात, टेनिसचा, जवळून, हळू. तिनं थर्डवर परत यावं असं मला मनापासून वाटतं, पण ते तिनं ठरवायचं आहे. तिच्या आज्जीनं सरावाला पाठवणं थांबवलेलं नाही.

सध्याचा प्रश्न मापाचा आहे. मागवलेले मास्क नववी-दहावीच्या मुलींना बसतात. सातवीतून येणाऱ्या मुलींच्या हनुवटीवरून ते खाली घसरतात, आणि गादी हनुवटीवर नसेल तर मार दातांवर जातो. पट्टी कितीही आवळली तरी ढिला मास्क ढिलाच. लहान मापाचे दोन मागवायचे आहेत. ते येईपर्यंत सातवीच्या मुलींना पिचर आणि थर्डवर उभं करायचं नाही, असं सरांनी त्यांच्या पालकांना लिहून दिलं आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळ्यांची मापं घेऊ, आणि मंडळाकडं वर्गणीचा अर्ज त्याच आठवड्यात देऊ, म्हणजे तालुक्याच्या सामन्यांआधी मास्क हातात येतील.